विंगेत

खोक्यावर ठळक अक्षरांत 'वायरलेस'.
आतून निघाल्या दोन वायरी.
"वायरलेस म्हण्टात, आनी वायरी दोन?"
मालिनी हसली नि भाताकडे गेली.

पांढरं, चौकोनी, लोणच्याच्या डब्याएवढं,
वजनाला सोललेल्या नारळासारखं.
युगंधा पर्वरीहून फोनवर सांगत होती:
काका, ओल नको, ऊन नको, राउटरपासून लांब नको.
ह्या घरात ओल न पोचणारी जागा एकच,
रगड्याच्या वरची फळी, सोलांच्या बरणीशेजारी.
आणि राउटर सोप्यावर.
मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती, हातभर जाड.

लॅपटॉपला ते दिसेना.
शेजारच्या गावड्यांचं नेटवर्क दिसलं,
कुळागरापलीकडच्या कुणाचंसं दिसलं,
माझ्याच घरातलं तेवढं नाही.

हे मला नवीन नाही.
तेहतीस वर्षं जत्रेच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं,
आमच्या सावईवेऱ्यात, तिकडे केरीला.
जनरेटर घरघरू लागला की
चार हातांवरच्या राजाला माझा शब्द पोचत नसे.
तेव्हा मी विंग बदलायचो.
आता फळी बदलली. दिसलं.

ड्राइव्हलाही नाव लागतं म्हणे.
मी लिहिलं: विंग.
पासवर्ड सांगत नाही.
एवढंच, की तो एका खलनायकाचं
पहिलं वाक्य आहे, मध्ये जागा न सोडता.

आत जायचं होतं ते असं:
दोनशे चौदा संहिता, पानन् पान स्कॅन केलेल्या,
समासात माझी तांबडी पेन्सिल,
'इथं थांब', 'टाळी येऊ दे, घाई नको',
'इथं उल्हास विसरतो'.
कॅसेटींवरून उतरवलेल्या साठ रात्री.
मेहुणीच्या लग्नाचे फोटो, सगळे तिरपे.
विजेची बिलं, का ते ठाऊक नाही.

पहिली प्रत: एकतीस तास शिल्लक.
मग चाळीस. मग एकोणीस.
'झालंच, पाच मिनिटं' म्हणणारा
आमचा मेकअपवाला आठवला.
दुसऱ्या रात्री वीज गेली.
काळोखात पाटाचं पाणी तेवढं वाजत राहिलं.
पहाटे दिवा निळा झाला,
आणि त्यानं पहिल्यापासून नाही धरलं,
जिथं तुटलं होतं तिथून उचललं.
मी नकळत मान डोलावली.
भल्याभल्या नटांना हे जमत नाही.

युगंधा म्हणाली, परत आणून बघितल्याशिवाय
प्रत आहे म्हणू नका. एक फाइल पुसा.
बोट बराच वेळ हवेत.
मग पुसली ती,
उल्हास शिलकरच्या तिसऱ्या अंकाची,
जी मी कुणाला ऐकवत नाही.

परत आली. चार मिनिटं लागली.
पेटीचा सूर, खुर्ची सरकते, कुणाचं तरी मूल रडतंय,
"प्रधानजी..."
आणि शांतता.
तेव्हा होती तेवढीच लांब,
एक श्वास कमी नाही.
मग माझा आवाज, तरुण, घाबरलेला,
माइकनं पकडलेला:
चाव्या, चाव्या कुणाकडे
मागच्या रांगेत हसू फुटतं.
आणि उल्हास, जाऊन आता सहा वर्षं झाली त्याला,
खणखणीत, जणू आत्ताच सुचलंय:
"चाव्या कुणाकडे आहेत?"

मालिनी दारात, हातात डाव.
"हें पुशिल्लें न्हू?"
"पुशिल्लें."
"मागीर?"

आता रोज रात्री नऊला ते आपणहून जागं होतं.
सगळं पुन्हा घेत नाही,
दिवसात बदललं तेवढंच.
काल दोन फायली. आज एक:
त्या रेकॉर्डिंगचं नाव होतं 'चूक',
मी 'तिसरा अंक' केलं.
जुनं नावही त्यानं ठेवलंय,
मागे जाऊन बघता येतं. मी बघितलं.

"रातभर दिवो पेटता," मालिनी कुशीवर वळत म्हणाली,
"बील कितलें येतलें?"
म्हटलं, येऊ दे.
त्याचीही प्रत राहील.